सहा लाख चाळीस हजारांतली एक

बरेच दिवस हा लेख मनात घोळत होता. विषय रुक्ष आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. अमेरिकेतल्या राज्यांनी आरोग्यविम्याच्या मंडया उघडण्याआधी काय अभ्यास केला, कोणाकोणाची मोजदाद केली, त्याची ही हकिगत आहे. सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला त्याच्याशी काय करायचंय, असं आमच्या घरच्यांनीही विचारून झालंय. करायचंय. कसं ते ओघात येईलच.

आधी एक आमच्याकडची गोष्ट. १९८१ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. मास्तर मंडळींना ते काम कधी चुकलं नाही. माझ्या वाट्याला खणभागातली काही घरं आली होती. घरयादीच्या तक्त्यात एक प्रश्न असा होता की, घरात पूर्ण अंध, अपंग किंवा मुकं कोणी आहे का? एका घरी बाईंनी "नाही हो, तसलं काही नाही" म्हणून सांगितलं, चहा दिला. मी उठणार तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, "कोण आलंय गं? मला दिसत नाही, जवळ येऊन बोला म्हणावं." बाईंचा चेहरा उतरला. मी तक्ता दुरुस्त केला आणि काही न बोलता पुढच्या घरी गेले. पण त्या दिवसापासून सरकारी आकडा पाहिला की मला ती आतली खोली आठवते.

आता २०१३ च्या ऑक्टोबरात येऊ. मी लेकीकडे लुइव्हिलला गेले होते. केंटकी राज्यातलं मोठं शहर, घोड्यांच्या शर्यतीसाठी नावाजलेलं. एका सकाळी ती म्हणाली, "आई, लायब्ररीत येतेस? मला एक फॉर्म भरायचाय." मला काय, लायब्ररी म्हटलं की चपला पायात. तिथे एका टेबलाशी लॅपटॉप घेऊन एक तरुण मुलगा बसला होता, शेजारी "कायनेक्ट" असा फलक. त्याने लेकीला विचारलं, सध्या विमा आहे का? ती म्हणाली, नाही. किती दिवस नाही? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, तीन वर्षं.

तेवढं इंग्रजी मला कळतं.

झालं होतं असं. २००९ च्या मंदीत आमच्या जावयांची नोकरी गेली. अमेरिकेत विमा बहुतेकांना नोकरीबरोबर मिळतो आणि नोकरीबरोबर जातो. १९८६ च्या एका कायद्याप्रमाणे जुना विमा दीड वर्ष चालू ठेवता येतो, फक्त मालकाचा वाटासुद्धा आपणच भरायचा. त्या कायद्याला तिथे "कोब्रा" म्हणतात. (नाव ठेवणाऱ्याला नमस्कार.) दीड वर्ष संपल्यावर त्यांनी स्वतंत्र विम्यासाठी अर्ज केले. जावयांना आणि नातवंडांना विमा मिळाला. लेकीला संधिवात. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं की, आपला अर्ज स्वीकारता येत नाही. अशा आजारी माणसांसाठी राज्याची एक वेगळी योजना होती, पण तिचा हप्ता ऐकून तिने तो नाद सोडला. आणि दर रविवारी मला फोनवर "मी मजेत आहे" म्हणून सांगत राहिली.

तर त्या मुलाने सांगितलं की राज्यात अशी ६ लाख ४० हजार माणसं आहेत. हा आकडा तेव्हा तिथे सगळ्यांच्या तोंडी होता. राज्यपाल स्टीव्ह बेशीअर तर प्रत्येक भाषणात तो सांगत. मला मात्र एकच प्रश्न पडला. जी गोष्ट माझ्या पोटच्या पोरीने मला सांगितली नाही, ती सरकारला कळली कशी? त्या प्रश्नाच्या मागे लागले ती आजतागायत लागलेली आहे. लुइव्हिलच्या लायब्ररीतून, नंतर नातवाच्या मदतीने इंटरनेटवरून, जे जे मिळालं ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं.

सुरुवात निघाली ती थेट आमच्या जातभाईंपाशी, म्हणजे शिक्षकांपाशी. १९२९ साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबल या गृहस्थांकडे आला. हे पूर्वी डॅलसच्या शाळांचे अधीक्षक. रुग्णालयाची थकलेली बिलं चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसू लागली. सगळ्या त्यांच्याच शाळांतल्या शिक्षिका! आता हा मनुष्य हळहळून गप्प बसला नाही. शिक्षकांचा एक आजारपण निधी पूर्वीपासून चालू होता, त्याच्या वह्या त्याने काढल्या आणि हिशेब मांडला. रुग्णालयाचा खर्च दर शिक्षकामागे महिन्याला सरासरी १५ सेंट पडत होता. मग सावधगिरी म्हणून त्याने वर्गणी ठेवली महिना ५० सेंट आणि त्या बदल्यात वर्षाला २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय. अट एकच, निदान पाऊण शिक्षक तरी सामील झाले पाहिजेत. हजारावर शिक्षक आले. पुढे अमेरिकाभर पसरलेल्या "ब्लू क्रॉस" विम्याचं मूळ ते हेच.

पाऊण शिक्षकांची अट कशाला, हे समजायला मला आमच्या कोल्हापूरच्या खाणावळीची आठवण उपयोगी पडली. माझा थोरला भाऊ तिथे शिकत असताना एका बोळातल्या खाणावळीत जेवायचा. महिन्याचे पैसे आगाऊ, मग पोटभर जेवा. शेजारी तालीम. हळूहळू पैलवान मंडळींना खाणावळीचा शोध लागला. मालकाने दर वाढवला. दर वाढल्यावर दीड पोळी खाणारी पोरं गळाली. मग पुन्हा दर वाढवला, पुन्हा थोडी गळाली. शेवटी खाणावळीत नुसते पैलवान उरले आणि मालकाने कुलूप लावलं. विम्याचं गणित हेच. आजारी असो वा धडधाकट, सगळे आले तर वर्गणी परवडते. ज्यांना गरज आहे तेवढेच आले तर खाणावळ बुडते. किंबलसाहेबांना हे वह्या पाहूनच कळलं होतं.

मधला इतिहास भरभर सांगते, कारण तो बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली पगारवाढीवर बंधन आलं, तेव्हा कारखानदारांनी माणसं टिकवायला पगाराऐवजी विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. विमा नोकरीला चिकटला तो असा. दुसरी गोष्ट म्हणजे १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्यावर देखरेख ठेवण्याचं काम राज्यांकडे राहिलं. म्हणजे पन्नास राज्यं, पन्नास तऱ्हा. पुढे मंडया राज्यांनी उघडाव्यात असं ठरलं, त्याचं मूळ या कायद्यात आहे.

मंडई हा माझा शब्द. कायद्यातला शब्द "एक्स्चेंज" होता. तो लोकांना शेअरबाजारासारखा वाटतो म्हणून २०१३ च्या सुमारास सरकारनेच "मार्केटप्लेस" म्हणायला सुरुवात केली. मला मंडईच बरोबर वाटतं. जागा नगरपालिकेची, वजनं-मापं तपासलेली, भाव पाटीवर लिहिलेले. माल विकणारे मात्र खाजगी. गिऱ्हाईकाने चार गाळे फिरून बघावं आणि घ्यावं.

ही कल्पना नीट मांडली ती अलेन एंथोवेन या अर्थशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ आधी अमेरिकेच्या संरक्षण खात्यात मॅकनामारांच्या हाताखाली शस्त्रांच्या खर्चाचे हिशेब करायचा. १९७७ साली त्याने कार्टर सरकारपुढे योजना ठेवली की, विमा कंपन्यांना एका चौकटीत आणून स्पर्धा करायला लावा आणि लोकांना निवड करू द्या. ती बारगळली. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी जवळपास त्याच धर्तीवर तेराशेहून अधिक पानांचं विधेयक आणलं. तेही पुढच्या वर्षी बुडालं. पण काही राज्यांनी आपापली छोटी दुकानं थाटून पाहिली होती. कॅलिफोर्नियाने १९९३ मध्ये छोट्या धंदेवाल्यांसाठी एक सामायिक विमा-खरेदी सुरू केली. पुढे ती "पॅकअ‍ॅडव्हांटेज" नावाने चालली आणि २००६ च्या अखेरीस बंद पडली. त्या वेळीही लाखावर माणसं त्यात होती. कारण? पैलवान.

आणि केंटकी! १९९४ मध्ये केंटकीने कायदा केला की कोणत्याही कंपनीने आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही आणि आजारी म्हणून जास्त हप्ताही लावायचा नाही. हेतू सोन्यासारखा. पण धडधाकट माणसाने विमा घेतलाच पाहिजे असं मात्र कुठे म्हटलेलं नव्हतं. चाळीसहून अधिक कंपन्या राज्यातला व्यक्तिगत विम्याचा धंदा गुंडाळून गेल्या. उरली जवळजवळ एकच कंपनी आणि राज्याची स्वतःची योजना, तीही तोट्यात. काही वर्षांत कायदा मोडीत काढावा लागला. माझ्या लेकीला ते दोन ओळींचं पत्र पाठवण्याची मुभा कंपनीला परत मिळाली ती अशी. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कोणी नीट हिशेब केला असता तर, असं सारखं मनात येत होतं.

नीट हिशेब केला तो मॅसॅच्युसेट्सने. तिथे १९८५ पासून एक सामायिक निधी होता. पैसे नसलेल्यांवर रुग्णालयांनी उपचार केले की त्यातून भरपाई मिळे. म्हणजे विमा नसलेल्यांच्या आजारपणाची नोंद वीस वर्षं आपोआप होत होती, किंबलसाहेबांच्या वह्यांसारखीच. त्यावर संशोधकांनी अहवाल लिहिले, कोणता पर्याय निवडला तर किती खर्च येईल त्याची कोष्टकं मांडली. १२ एप्रिल २००६ रोजी रिपब्लिकन राज्यपाल मिट रॉम्नी यांनी बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये कायद्यावर सही केली. शेजारी डेमोक्रॅट टेड केनेडी उभे. सगळ्यांनी विमा घ्यायचा, गरिबाला सरकारने मदत करायची आणि खरेदीला "कनेक्टर" नावाची मंडई. तिथल्या विम्यांना सोनं, चांदी, कांसं अशा पायऱ्या होत्या. त्याच पुढे देशभर आल्या.

पण इथेही मोजणीत गोम होतीच. राज्याच्या पाहणीत विमा नसलेले लोक चार लाखांच्या आत भरत. केंद्राच्या जनगणना खात्याच्या पाहणीत तेच सहा लाखांच्या वर. एकाच राज्यातली तीच माणसं! फरक कशाने पडतो? प्रश्न कसा विचारला, "आत्ता विमा आहे का" की "गेल्या वर्षभरात होता का", फोनवर की घरी जाऊन, कोणत्या भाषेत, घरातल्या कोणाला. मोजणी केलेल्या माणसाला हे सांगायला नको. सुरुवातीला अंदाजापेक्षा जास्त लोक मदतीच्या योजनेत आले आणि खर्च वाढला, त्यामागे ही तफावतही होती.

मग २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी कायद्यावर सही केली. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक राज्यात मंडई हवी; राज्याने उघडली नाही तर केंद्र उघडेल. तेव्हा देशात सुमारे पाच कोटी माणसं विम्याशिवाय होती. तयारीच्या अभ्यासासाठी प्रत्येक राज्याला दहा लाख डॉलरपर्यंत अनुदान देऊ केलं. अलास्काने अर्जच केला नाही. बाकी जवळजवळ सगळ्यांनी हात पुढे केला, अगदी ज्यांनी या कायद्याविरुद्ध कोर्टात दावा लावला होता त्यांनीसुद्धा.

या पैशांतून काय झालं, तो मला सगळ्यांत रंजक भाग वाटतो. राज्यांनी विमागणिती नेमले, विद्यापीठांना कामाला लावलं, गावोगाव सभा घेतल्या. प्रश्न साधे, उत्तरं अवघड. आपल्याकडे विम्याशिवाय किती जण? त्यांतले किती गरिबांच्या मेडिकेडमध्ये बसतील, किती मंडईत येतील? जे येतील ते आजारी किती, तरणेताठे किती? धंदेवाले आपल्या नोकरांचा विमा बंद करून त्यांना मंडईत पाठवतील का? इंग्रजी न येणाऱ्यांचं काय? कर खात्याचा संगणक आणि मेडिकेडचा संगणक एकमेकांशी बोलतात का? (बोलत नव्हते. मेडिकेडचे काही संगणक तर माझ्या निवृत्तीच्या वयाचे होते.)

यातून एक गोष्ट पुढे आली, ती आधी फारशी कोणाच्या ध्यानात नव्हती. बेंजामिन सॉमर्स आणि सारा रोझेनबॉम यांनी २०११ मध्ये दाखवलं की कमी उत्पन्नाच्या लोकांचं उत्पन्न स्थिर नसतंच. सहा महिन्यांत एक-तृतीयांशाहून जास्त आणि वर्षभरात निम्मे लोक मेडिकेडच्या रेषेच्या अलीकडून पलीकडे किंवा उलट जातील. म्हणजे आज मोजलेला माणूस उद्या त्या रकान्यात नसतो. हंगामी काम करणाऱ्या घरांत मी तक्ता भरला होता, तेव्हा "महिन्याचं उत्पन्न" या शब्दावर लोक नुसते हसायचे, ते आठवलं.

आणि अभ्यास झाल्यावर काय झालं? ओक्लाहोमाने संगणकयंत्रणेसाठी मिळालेले ५ कोटी ४० लाख डॉलर २०११ च्या एप्रिलमध्ये परत केले. मग कॅन्ससने ३ कोटी १५ लाख, मग विस्कॉन्सिनने ३ कोटी ७० लाख. ही तिन्ही राज्यं "तुम्ही आधी करून दाखवा, बाकीचे तुमच्याकडून शिकतील" म्हणून खास निवडलेली होती! मिसिसिपीत तर विमा आयुक्त माइक चेनी यांची मंडई जवळजवळ तयार होती. हे रिपब्लिकन, कायद्याचे विरोधक. पण मंडई होणारच असेल तर ती आपली असावी हे त्यांचं म्हणणं. त्यांच्याच पक्षाच्या राज्यपालांनी विरोध केला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत केंद्राला ती नाकारावी लागली. राजकारण मला कळतं, मी नागरिकशास्त्रही शिकवलंय. पण त्या अहवालांत मोजलेली माणसं कुठे गेली नव्हती, ती तिथेच होती. १ ऑक्टोबर २०१३ ला मंडया उघडल्या तेव्हा ३६ राज्यं केंद्राच्या संकेतस्थळावर अवलंबून होती. पहिल्या दिवशी त्यावर किती जणांची नोंदणी पुरी झाली असेल? सहा. सहाशे नव्हे, सहा.

अभ्यास करणारी राज्यं सगळी तरली असंही नाही. ऑरेगनचा अभ्यास नावाजलेला, अनुदान भरघोस, पण संकेतस्थळ शेवटपर्यंत धड चाललंच नाही; कागदी अर्ज हाताने भरून घ्यावे लागले. खुद्द मॅसॅच्युसेट्सची नवी यंत्रणासुद्धा कोलमडली. शाळेत असतात ना, वर्षभर वह्या सुंदर आणि परीक्षेत दांडी.

केंटकी चाललं. बेशीअर यांनी १७ जुलै २०१२ रोजी विधिमंडळाची वाट न पाहता आदेशाने मंडई स्थापन केली. ६ लाख ४० हजारांपैकी ३ लाख ८ हजार मेडिकेडमध्ये आणि ३ लाख ३२ हजार मंडईत असा त्यांचा हिशेब होता, आणि कोणत्या परगण्यात किती हेही त्यांना ठाऊक होतं. संकेतस्थळ साधं ठेवलं. नाव न नोंदवता नुसतं हिंडून भाव पाहता येत. केंद्राच्या संकेतस्थळावर आधी खातं उघडा, मग आत या. दारातच गर्दी तुंबली. आणि नाव ठेवलं "कायनेक्ट". ओबामांचं नाव त्या राज्यात चालणार नाही, हेही अभ्यासातलंच एक उत्तर म्हणायचं. राज्याच्या जत्रेत एका गृहस्थाने कायनेक्टची माहिती घेऊन समाधानाने म्हटलं होतं म्हणे की, हे ओबामाकेअरपेक्षा बरं असावं. वर्तमानपत्रांत आलं होतं ते.

पहिल्या मोसमात चार लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. त्यांतले तीन-चतुर्थांशाहून जास्त मेडिकेडमध्ये गेले. म्हणजे एकूण संख्येचा अंदाज बराच जवळ, वाटणीचा मात्र चुकला. गॅलपच्या पाहणीत केंटकीतलं विमा नसलेल्यांचं प्रमाण २०१३ मधल्या २०.४ टक्क्यांवरून २०१५ च्या पूर्वार्धात ९ टक्क्यांवर आलं. देशपातळीवर अंदाजांची गंमतच झाली. २०१६ मध्ये मंडयांत सुमारे २ कोटी १० लाख लोक असतील असं २०१० मध्ये संसदेच्या हिशेब-कार्यालयाने म्हटलं होतं. नावं आली १ कोटी २७ लाख. धंदेवाल्यांनी नोकरांचा विमा बंद करायला हवा होता, तसा केला नाही. पुढे २०२१ मध्ये सरकारी मदत वाढली आणि २०२५ साठी २ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. गणित भलत्याच वाटेने आकड्याला पोचलं.

परत लायब्ररीतल्या टेबलाकडे येते. त्या मुलाने लेकीचं वय विचारलं, पत्ता, घरात माणसं किती, उत्पन्न किती, तंबाखू ओढता का. मी वाट बघत होते. आता विचारेल, मग विचारेल. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले समोर दिसत होते. आजाराबद्दल त्याने एक शब्दही विचारला नाही, कारण आता कायद्याने तो प्रश्नच उरला नव्हता. तासाभरात पडद्यावर चांदीच्या पायरीचे काही विमे आले, भाव लिहिलेले. तिने एक निवडला. मी चष्मा पुसत बसले.

गाडीत मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू तिकडून काय करणार होतीस? रात्र रात्र जागली असतीस." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "एकदा जनगणना खात्याचा लांबलचक फॉर्म आला होता गं, त्यात विचारलं होतं. तिथे मी ‘नाही’वर खूण केली. खोटं कसं लिहिणार, तुझी मुलगी ना!" तो फॉर्म म्हणजे तिथली वार्षिक पाहणी. दरवर्षी तीस-पस्तीस लाख घरांना जाते, भरणं सक्तीचं असतं, आणि आरोग्यविम्याचा प्रश्न त्यात २००८ पासून आहे. राज्यांनी जे आकडे धरून तयारी केली त्यांचा एक मोठा आधार ही पाहणी होता. माझ्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. सरकारला कळलं, कारण सरकारने विचारलं होतं. मी दर रविवारी "बरी आहेस ना?" एवढंच विचारत होते.

पुढचं थोडक्यात. २०१५ मध्ये केंटकीत राज्यपाल बदलले. मॅट बेव्हिन यांनी कायनेक्ट गुंडाळलं आणि २०१७ पासूनच्या विम्यासाठी लोकांना केंद्राच्या संकेतस्थळावर पाठवलं. त्यांच्यानंतर आले अँडी बेशीअर, स्टीव्ह यांचे चिरंजीव. त्यांनी २०२२ च्या विम्यासाठी ते पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, व्हर्जिनिया अशी एकेक राज्यं केंद्राची मंडई सोडून स्वतःची उघडू लागली. २०२५ च्या विम्यासाठी जॉर्जियासुद्धा. त्या सगळ्यांना पुन्हा तेच प्रश्न, तेच विमागणिती, तेच अहवाल. मी जुने जपून ठेवलेत, कोणाला हवे असतील तर कळवा!

जावयांनी पुढे स्वतःचा छोटा व्यवसाय काढला, त्यामुळे लेक मंडईतच राहिली. दर नोव्हेंबरात ती नव्याने भाव बघते. वाढीव सरकारी मदतीची मुदत २०२५ च्या अखेरपर्यंतच होती, म्हणून त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिने नवा हप्ता पाहिला आणि लगेच मला फोन केला. रविवार नव्हता, बुधवार होता. "आई, कागद घे," म्हणाली, "आकडा लिही आणि बस खाली." मी आधी बसले, मग लिहिला.